चिपचे भाव पडले की आधी कोणाचे काम जाते?

गेल्या दोन-तीन वर्षांत पुण्यातल्या वस्त्यांमध्ये आणि महाविद्यालयांमध्ये 'सेमीकंडक्टर' हा शब्द वारंवार कानावर येऊ लागला आहे. आयटीआय झालेली, डिप्लोमा झालेली, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुले-मुली आम्हाला विचारतात: या क्षेत्रात जावे का? त्याचा कोर्स करावा का? फीसाठी कर्ज काढावे का? जाहिरातींत आणि बातम्यांत हजारो कोटींची गुंतवणूक आणि हजारो नोकऱ्यांचे आकडे असतात. पण हा धंदा चालतो कसा, त्यात मंदी कशी येते आणि मंदी आली की आधी कोणाला घरी बसावे लागते, हे त्या बातम्यांत फारसे सापडत नाही.

सध्या मेमरी चिपचे भाव चढलेले आहेत आणि कंपन्या नफ्यात आहेत. अशा वेळीच मागची मंदी नीट समजून घ्यायला हवी. 2022-23 मध्ये बाजारात मेमरी चिप गरजेपेक्षा फार जास्त झाल्या होत्या. त्याचा फटका चिप बनवणाऱ्यांना बसलाच, पण चिपचे कारखाने ज्या यंत्रांवर चालतात ती यंत्रे बनवणाऱ्यांनाही जोरात बसला. ही साखळी पुण्यासारख्या यंत्रसामग्रीच्या शहराने समजून घेण्यासारखी आहे.

कांद्याचे आणि चिपचे गणित

मेमरी चिप दोन मुख्य प्रकारच्या असतात. फोन किंवा लॅपटॉप चालू असताना कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवते ती डीरॅम. फोटो, व्हिडिओ, फाइली कायमच्या साठवते ती नॅंड. डीरॅमच्या जागतिक बाजाराचा नव्वद टक्क्यांहून अधिक हिस्सा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांकडे राहिला आहे. साधी मेमरी ठरावीक मापदंडानुसार बनते, त्यामुळे एका कंपनीची चिप महाग वाटली तर ग्राहक दुसरीची घेतो. म्हणून इथे नावापेक्षा भाव मोठा असतो.

लासलगावच्या बाजारात कांद्याला एका वर्षी भाव मिळाला की पुढच्या वर्षी सगळेच कांदा लावतात, आणि सगळ्यांचा माल एकदम आला की भाव कोसळतो. मेमरीचेही तसेच होते. फरक इतकाच, की कांदा चार-पाच महिन्यांत येतो आणि चिपचा नवा कारखाना उभा राहून माल द्यायला दोन-तीन वर्षे लागतात. तेजीत घेतलेला निर्णय अनेकदा मंदीत फळाला येतो. शिवाय कारखाना उभारण्याचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. तो बंद ठेवला तरी घसारा आणि व्याज चालूच राहते. त्यामुळे भाव पडू लागले तरी उत्पादन आधी कोणीच कमी करत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याने आधी थांबावे याची वाट बघतो आणि मालाचा ढीग वाढत जातो.

कोविडच्या काळात घरून काम आणि घरून शिक्षण सुरू झाले. लॅपटॉप, फोन, सर्व्हर यांची मागणी वाढली. कंपन्यांनी नव्या यंत्रांच्या मोठ्या ऑर्डरी दिल्या. 2022 मध्ये जगभर महागाई वाढली, व्याजदर चढले आणि ज्यांना लॅपटॉप घ्यायचा होता त्यांनी तो आधीच घेतलेला होता. 2022 च्या शेवटच्या तिमाहीत जगातील संगणकांची विक्री आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे 28 टक्क्यांनी घसरली. चिप मात्र बनतच होत्या.

परिणाम भीषण होता. मार्च 2023 च्या सुरुवातीला संपलेल्या तिमाहीत मायक्रॉनला 2.31 अब्ज डॉलरचा तोटा झाला; वर्षभरापूर्वीच्या त्याच तिमाहीच्या तुलनेत तिची विक्री निम्म्याहून कमी झाली होती. सॅमसंगच्या चिप विभागाला 2023 च्या पहिल्या तिमाहीत 4.58 लाख कोटी वॉनचा तोटा झाला आणि एप्रिलमध्ये कंपनीने उत्पादन घटवत असल्याचे जाहीर केले. एसके हायनिक्सचा 2023 या पूर्ण वर्षाचा परिचालन तोटा 7.73 लाख कोटी वॉन होता.

यंत्रे बनवणाऱ्यांना जास्त फटका का?

इथे एक साधा हिशेब मांडून बघू. समजा एका कारखान्यात 100 यंत्रे आहेत आणि दरवर्षी त्यातली 10 जुनी होऊन बदलावी लागतात. मागणी स्थिर असेल तर तो कारखाना वर्षाला 10 यंत्रे विकत घेईल. मागणी 10 टक्क्यांनी वाढली तर बदलायची 10 आणि वाढीसाठी 10, म्हणजे 20 यंत्रे लागतील. चिपची मागणी फक्त 10 टक्क्यांनी वाढली, पण यंत्रांची मागणी दुप्पट झाली. आता उलट बघा. चिपची मागणी 10 टक्क्यांनी घटली तर 90 यंत्रांवर काम भागते. जुनी 10 बदलायची गरजच उरत नाही. चिपची मागणी फक्त 10 टक्क्यांनी घटली, पण यंत्रे विकणाऱ्याची ऑर्डर शून्यावर आली.

अर्थशास्त्रात याला त्वरक तत्त्व म्हणतात. प्रत्यक्षात आकडे इतके सरळ नसतात, पण दिशा हीच असते. चिपच्या बाजारात जो झोका बसतो, त्यापेक्षा मोठा झोका यंत्रांच्या बाजारात बसतो.

आणखी एक कारण आहे. मंदीत कंपनीला रोख पैसा वाचवायचा असतो. वीज, रसायने, पगार हा खर्च लगेच थांबवता येत नाही. पुढच्या वर्षीच्या यंत्रांची ऑर्डर मात्र एका पत्राने पुढे ढकलता येते. एसके हायनिक्सने ऑक्टोबर 2022 मध्येच 2023 ची भांडवली गुंतवणूक निम्म्याहून कमी करण्याचे जाहीर केले. मायक्रॉननेही चिप घडवण्याच्या यंत्रांवरचा खर्च असाच कापला.

याचा सर्वांत ठळक परिणाम दिसला अमेरिकेच्या लॅम रिसर्च या कंपनीवर. नॅंड चिपमध्ये आता साठवणुकीचे थर इमारतीच्या मजल्यांसारखे एकावर एक रचले जातात. हे थर चढवणे आणि त्यांतून अतिसूक्ष्म खोल छिद्रे कोरणे हे लॅमच्या यंत्रांचे काम. त्यामुळे तिचे उत्पन्न मेमरी कंपन्यांवर फार अवलंबून होते. डिसेंबर 2022 च्या तिमाहीत लॅमचे उत्पन्न 5.28 अब्ज डॉलर होते. मार्च 2023 मध्ये ते 3.87 अब्जांवर आणि जून 2023 मध्ये 3.21 अब्जांवर आले. सहा महिन्यांत सुमारे 40 टक्के घट. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिपची यंत्रे विकण्यावर घातलेले निर्बंधही या घसरणीत होते, पण मेमरी कंपन्यांनी आखडता घेतलेला हात हे मोठे कारण होते.

सगळ्या यंत्र कंपन्यांची अवस्था मात्र सारखी झाली नाही. नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीची विक्री त्याच 2023 मध्ये 21.2 अब्ज युरोंवरून 27.6 अब्ज युरोंवर गेली. प्रकाशाच्या साहाय्याने चिपवर नक्षी उमटवणारी सर्वांत प्रगत यंत्रे जगात तीच एक कंपनी बनवते. तिच्या हातात आधीच घेतलेल्या ऑर्डरींचा मोठा साठा होता आणि तिचे ग्राहक मेमरीपुरते मर्यादित नव्हते. ज्याच्यावाचून इतरांचे अडते आणि ज्याचे ग्राहक अनेक क्षेत्रांत आहेत, तो मंदीत तग धरतो. ही गोष्ट कंपनीला लागू आहे तशी कामगारालाही लागू आहे.

लॅमलाही दोन गोष्टींनी सावरले. एक, चीनमधील कारखान्यांनी निर्बंधांत न येणारी यंत्रे मोठ्या प्रमाणावर घेतली. सप्टेंबर 2023 च्या तिमाहीत लॅमच्या उत्पन्नातला चीनचा वाटा 48 टक्के होता. दोन, आधी विकलेल्या यंत्रांची देखभाल, सुटे भाग आणि दुरुस्ती. मंदीच्या तळाला कंपनीचे निम्म्याच्या आसपास उत्पन्न या कामातून येत होते. नवे यंत्र घेणे पुढे ढकलता येते, चालू यंत्र मात्र चालवत ठेवावे लागते.

आधी तात्पुरते, मग कायम

आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग इथे सुरू होतो. जानेवारी 2023 मध्ये लॅमने सुमारे 1,300 कायम कर्मचारी, म्हणजे 7 टक्के मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले. ही बातमी जगभर झळकली. त्याच्या आधीच्या तिमाहीत सातशेच्या आसपास तात्पुरते कामगार कमी झाले होते, त्याची बातमी त्याच वृत्तातल्या एका ओळीपुरती आली. मायक्रॉनने डिसेंबर 2022 मध्ये 10 टक्के कपात जाहीर केली आणि पुढे ती 15 टक्क्यांच्या जवळ नेली.

हा क्रम पुण्याला नवा नाही. 2021 मध्ये उलट परिस्थिती होती, वाहनांना लागणाऱ्या चिपचा तुटवडा होता. त्या चिप मेमरीच्या नव्हत्या, पण साखळी तशीच होती. सप्टेंबर 2021 मध्ये महिंद्राने आपल्या वाहन कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवण्याचे जाहीर केले होते. चाकणचा कारखानाही त्याच विभागातला. कारखाना सात दिवस बंद राहिला तर कायम कामगाराचा पगार बहुधा वाचतो. ठेकेदाराकडच्या रोजंदारीवरच्या कामगाराची मात्र तेवढी हजेरी जाते. चिप कमी पडल्या तरी आणि जास्त झाल्या तरी, आधी तोच घरी बसतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. केंद्रीय कायद्यानुसार पूर्वी 100 कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत असे; आता ही मर्यादा 300 झाली आहे. कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने 15 दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आहे. निश्चित मुदतीच्या नोकरीला कायद्याने मान्यता आहे आणि एक वर्ष पूर्ण झाल्यावर अशा कामगाराला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. पण मुदत संपली म्हणून काम गेले तर ती कपात धरली जात नाही. ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा कामगार तर कंपनीच्या कागदावर कपातीत दिसतच नाही. मंदीत मोजली जाणारी कपात आणि प्रत्यक्ष गेलेली कामे यांत म्हणूनच अंतर राहते.

तळेगाव, तळोजा आणि साणंद

आता आपल्या भागाकडे वळू. सप्टेंबर 2022 मध्ये वेदांता आणि फॉक्सकॉन यांच्या 1.54 लाख कोटी रुपयांच्या प्रकल्पाने तळेगावऐवजी गुजरातची निवड केली. एक लाख नोकऱ्यांचा आकडा तेव्हा सांगितला जात होता. महाराष्ट्रात मोठे राजकीय वादळ उठले. 10 जुलै 2023 रोजी फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि तो प्रकल्प जसा सांगितला होता तसा गुजरातमध्येही उभा राहिला नाही. तळोजा येथील अदानी आणि इस्रायलच्या टॉवर सेमीकंडक्टर यांच्या 83,947 कोटींच्या प्रकल्पाला राज्याने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. 2025 मध्ये ही बोलणी थांबल्याचे वृत्त आले आणि देशांतर्गत मागणीबद्दलची शंका हे त्याचे कारण सांगितले गेले. हे दोन्ही प्रकल्प मेमरीचे नव्हते. पण करार, मंजुरी आणि नोकरी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी दाखवून दिले.

मेमरीचा प्रकल्प आला तो साणंदला. जून 2023 मध्ये, म्हणजे मायक्रॉन तोट्यात असताना आणि कामगार कमी करत असताना, तिचा 2.75 अब्ज डॉलरचा प्रकल्प जाहीर झाला. यातले मायक्रॉनचे स्वतःचे पैसे 82.5 कोटी डॉलरपर्यंत. 50 टक्के खर्च केंद्र सरकारचा आणि 20 टक्के गुजरात सरकारचा. इथे चिप घडवली जात नाही. बाहेर घडलेल्या चिपची जुळणी, चाचणी आणि वेष्टन होते. मंदीत असलेल्या कंपनीला 70 टक्के खर्च सरकार देत असेल तर विस्तार करणे सोपे जाते. सरकारने हे करू नये असे आम्ही म्हणत नाही. पण जनतेचा पैसा 70 टक्के असेल, तर मंदी आल्यावर कामगाराचे काय होणार हे विचारण्याचा अधिकारही जनतेचा आहे.

ऑगस्ट 2025 पर्यंत केंद्राने सहा राज्यांत दहा सेमीकंडक्टर प्रकल्प मंजूर केले होते. त्यांत महाराष्ट्र नव्हता.

मग पुण्याचा संबंध काय?

पुणे हे यंत्रे आणि सुटे भाग बनवणारे शहर आहे. दापोडीत अनेक दशके असलेल्या ॲटलास कॉप्कोचेच उदाहरण घ्या. पुण्यात ही कंपनी मुख्यतः हवेच्या कॉम्प्रेसरसाठी ओळखली जाते. पण या स्वीडिश गटाने 2014 मध्ये एडवर्ड्स ही ब्रिटिश कंपनी घेतली आणि एडवर्ड्सचे व्हॅक्यूम पंप जगभरच्या चिप कारखान्यांत बसतात. 2023 मध्ये गटाच्या व्हॅक्यूम विभागाच्या ऑर्डरी घटल्या. म्हणजे मेमरीची मंदी पुण्याच्या ओळखीच्या नावापर्यंत आलीच होती.

केंद्राच्या सेमीकंडक्टर मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात यंत्रसामग्री आणि साहित्य देशात बनवण्यावर भर आहे. लॅमने फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटकात 10,000 कोटींहून अधिक गुंतवणूक जाहीर केली. ॲप्लाइड मटेरियल्सने 2023 मध्ये बंगळुरूच्या अभियांत्रिकी केंद्रासाठी 40 कोटी डॉलर जाहीर केले. या कंपन्यांना अचूक घडवलेले धातूचे भाग, पाइप, व्हॉल्व्ह, नियंत्रण पेट्या लागतात. भोसरी आणि चाकणच्या लहान कारखान्यांना असे काम करण्याची सवय आहे. संधी खरी आहे. पण ही साखळीची शेवटची कडी आहे आणि झोका शेवटच्या कडीला सर्वांत जास्त बसतो. एकाच यंत्र कंपनीच्या ऑर्डरीवर कर्ज काढून सीएनसी मशीन घेणाऱ्या लहान उद्योजकाने, आणि त्याच्याकडे कामाला लागणाऱ्या तरुणाने, 2023 चे आकडे समोर ठेवावेत.

सध्या चक्र वरच्या टोकाकडे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरना लागणाऱ्या खास मेमरीकडे कंपन्यांनी उत्पादन वळवले, त्यामुळे साधी मेमरी कमी पडू लागली. 2025 च्या उत्तरार्धात डीरॅमचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशल हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. एसके हायनिक्सने 2024 मध्येच 23.47 लाख कोटी वॉनचा परिचालन नफा कमावला होता. लॅमचे तिमाही उत्पन्न 2025 मध्ये पुन्हा पाच अब्ज डॉलरच्या वर गेले. महाग मेमरीचा भार लॅपटॉप आणि फोन घेणाऱ्या विद्यार्थ्यावर पडतो आहे. आणि तिकडे नव्या यंत्रांच्या ऑर्डरी दिल्या जात आहेत. आज ऑर्डर दिलेली यंत्रे दोन-तीन वर्षांनी चिप देऊ लागतील, नेमकी तेव्हा आज कोर्सला बसलेली मुले नोकरी शोधत असतील. तेव्हा मागणी किती असेल हे आज कोणी खात्रीने सांगू शकत नाही.

तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी काय करावे?

या क्षेत्राकडे पाठ फिरवा असे आम्ही सांगणार नाही. 1928-29 च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी विणकाम खात्याचा प्रश्न लावून धरला होता. जास्त मजुरीचे साच्यांवरचे काम अस्पृश्य कामगारांना बंद होते. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळाचे निमित्त पुढे केले जाई. गिरणीत काम आहे एवढ्यावर बाबासाहेब थांबले नाहीत. कोणत्या खात्यात आहे, हे त्यांनी विचारले. चिपच्या कारखान्याबद्दलही आपण तेच विचारायला हवे.

तरुणांनी कोर्स निवडताना फक्त 'सेमीकंडक्टर' या नावाला फी देऊ नये. व्हॅक्यूम यंत्रणा, वायूंच्या वाहिन्या, पीएलसी, अचूक मोजमाप, स्वच्छ कक्षातील देखभाल ही कौशल्ये चिप कारखान्यात चालतात तशी औषध, अन्नप्रक्रिया आणि वाहन उद्योगातही चालतात. एक क्षेत्र मंदावले तर दुसऱ्यात जाता येते. शक्य असेल तर उभारणीच्या कामापेक्षा देखभालीच्या कामाकडे जावे, कारण मंदीत तेच जास्त टिकते. नियुक्तिपत्र कोणाच्या नावाचे आहे, कंपनीच्या की ठेकेदाराच्या, मुदत किती आणि मंदीत काय, हे सही करण्याआधी वाचावे.

कार्यकर्त्यांनी मागण्या नेमक्या कराव्यात. ज्या प्रकल्पाला सरकारी अनुदान आहे, त्याने कायम, मुदतीचे आणि कंत्राटी कामगार किती याची संख्या दरवर्षी जाहीर करावी. अनुदानाच्या करारात कंत्राटी कामगारांच्या कपातीचीही नोंद आणि भरपाई असावी. पुनर्कौशल्य निधीचा लाभ ठेकेदाराकडच्या कामगारालाही मिळावा. बार्टीसारख्या संस्थांनी या क्षेत्रासाठी प्रशिक्षण देताना ते एकाच उद्योगाला बांधलेले नसावे आणि प्रशिक्षणानंतर किती जणांना काम मिळाले, ते वर्षभर टिकले का, हे आकडे मांडावेत.

तेजीत अशा अटी मान्य करून घेता येतात, कारण कंपनीला जमीन, पाणी, वीज, अनुदान आणि माणसे हवी असतात. मंदी आली की कंपनीकडे द्यायला काही नसते आणि कामगाराकडे मागायला ताकद उरत नाही. म्हणून पुढच्या प्रकल्पाची घोषणा होईल तेव्हा गुंतवणुकीचा आकडा ऐकून घ्यावा आणि लगेच विचारावे: चिपचे भाव पडतील त्या दिवशी या कारखान्यातला कंत्राटी कामगार कुठे असेल? उत्तर लेखी मागावे.